तो चुना नव्हता

“हा तिसरा ट्रान्झिस्टर, लहानू. भाजून खाऊन राहिला काय गा तू?” सीताबर्डीच्या आपल्या रेडिओदुरुस्तीच्या टपरीत मनोहररावांनी जळका तुकडा चिमटीत धरून विचारलं.

लहानूचा ठेला इस्त्रीचा, पण विहाराचं लाउडस्पीकरचं मशीन वस्तीने मोठ्या विश्वासाने त्याच्या हवाली केलेलं. गेल्या वर्षी, अठ्ठ्याहत्तर साली, धम्मचक्र दिनाला त्याची बायको गोपिका पहिल्यांदाच माईकसमोर उभी राहिली आणि दुसऱ्या कडव्याला मशीनचा आवाज बंद झाला. मांडवात हशा पिकला. लाज झाकायला लहानू सगळ्यांदेखत म्हणून गेला, “तू लय जोरात गाते वं, मशीनले झेपत नाही.” तेव्हापासून ती घरातही गुणगुणली नव्हती. यंदा बायांनी आग्रह करून तिचं नाव यादीत घातलं होतं, आणि कार्यक्रम आजच संध्याकाळी होता.

“याच्या बुडाले पांढरी पेस्ट लावत असतो का नाही?” मनोहररावांनी विचारलं.

“पांढरी?” लहानूला आठवलं. दिवस जवळ आला की वस्तीत भिंतींना चुना लागतो आणि मग चुन्याचे शिंतोडे पुसत घरोघर घासपूस चालते. गेल्या वर्षी त्याने मशीनही उघडून आतून लख्ख केलं होतं. “होतं काहीतरी पांढरं. मले वाटलं चुना उडाला. घासलेटच्या फडक्यानं पुसून टाकलं.”

मनोहररावांनी कपाळाला हात लावला. “अरे, ट्रान्झिस्टर तापते. ती गरमी मशीनच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांत गेली पाहिजे. मंधात हवा राहिली तं जाईल कशी?”

लहानू मान खाली घालून ऐकत होता, पण हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. कापडाला चुणी पडली, खाली पोकळी राहिली, की तिथे इस्त्री बसत नाही. वीस वर्षं तो हेच करत आला होता. त्याला स्वतःचा संताप आला. वर्षभर त्याने वायरींना शिव्या घातल्या, लाइटवाल्यांना घातल्या. आणि बायकोच्या गळ्यालाही सोडलं नव्हतं.

मनोहररावांनी नवा ट्रान्झिस्टर आणि कागदाच्या पुडीत चिमूटभर पेस्ट दिली. “लोण्यावाणी थापू नको. जाड झाली तं तेही खराब.”

दुपारी विहाराच्या ओट्यावर त्याने जागा पुसून कोरडी केली. ट्रान्झिस्टरखाली बसणाऱ्या अभ्रकाच्या पातळ चकतीला दोन्ही बाजूंनी पेस्टचं नुसतं बोट फिरवलं, ट्रान्झिस्टर बसवला आणि दोन्ही स्क्रू सारखे आवळले. मग तासभर मशीन पूर्ण आवाजात चालवून तो पात्यांना बोट लावत बसला. पाती तापत होती, म्हणजे गरमी बाहेर येत होती. गेलं वर्षभर ती गारच लागायची, आणि मशीन थंड आहे म्हणून तो खूश असायचा.

गोपिका ओट्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. “तुम्ही खोटी आशा दाखवू नका. मले पुन्हा हसं करून घ्यायचं नाही.”

“तुह्या आवाजानं नव्हतं बंद पडलं ते,” लहानू म्हणाला. “माह्या फडक्यानं पडलं. मीच बिघडवलं होतं, अन् बोललो तुले.”

ती वळून घराकडे निघून गेली. पण संध्याकाळी तिचं नाव पुकारलं तेव्हा ती उठली.

पहिलं कडवं तिने दबकत म्हटलं. दुसऱ्याला मांडव शांत झाला. गेल्या वर्षी हसलेले सगळे समोरच बसले होते. दुसरं कडवं गेलं, तिसरं गेलं, चौथ्याला बायांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि तिचा आवाज पार रस्त्यापलीकडच्या घरांपर्यंत पोचला. पडद्यामागे लहानूचा हात पात्यांवरच होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला दुसरा हात मोकळा होता, पण त्याने पुसले नाहीत.

“बाई, अजून एक होऊन जाऊ द्या,” मंडळाचे रुपराव पुढच्या रांगेतून म्हणाले.

गोपिकाने माईकवर तळवा ठेवला आणि पडद्याकडे वळून हळूच विचारलं, “अजून जोरात गाऊ काय?”

“गाय वं,” लहानू म्हणाला. “जेवढा जोर आहे तेवढा लाव.”

आणि त्याने पात्यांवरचा हात काढून घेतला.