टेकडीवरचं टपाल

"सरकारी नोकरी म्हणे. नोकरीनं माणसाचे पाय असे भोपळ्यासारखे सुजतात होय?" सासूबाई स्वतःशीच पुटपुटल्या, पण सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं, आणि मिठाच्या गरम पाण्याची बादली त्यांनी तिच्यापुढे आदळली.

सुनेनं पाय पाण्यात सोडले. गल्लीत तिला सगळे वहिनी म्हणत. पोस्टात लागून महिना झाला होता, तेवढ्यात ती तिथेही वहिनी झाली होती.

तिचा नवरा पोस्टमन. गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. डॉक्टरांच्या दाखल्यावर खात्यानं त्याला निवृत्त केलं. मग त्याच्या जागी हिला घेतलं. वर्षभर काम बघून कायम करणार होते. घरात यातलं निवृत्तीचं वाक्य कुणी उच्चारत नसे. येणारा-जाणारा फायद्यांचंच कौतुक करी. नवऱ्याच्या औषधपाण्याचा भार खातं उचलणार, आजारपणात भरपगारी रजा, म्हातारपणाची सोय. शेजारीण तर म्हणाली, नशीब काढलंस बाई. मग तिची नजर खाटेकडे गेली आणि गरम नसलेल्या चहावर ती उगाच फुंकर घालत बसली. सासूबाई मात्र प्रत्येकाला बजावत, तो हिंडाफिरायला लागेपर्यंतच हं हे सगळं.

रुजू होण्याआधी नवऱ्यानंच तिला वाट शिकवली होती. खाटेवर जुन्या लग्नपत्रिका मांडायच्या. एक पत्रिका म्हणजे एक गल्ली. आधी बाजार, मग दवाखाना, मग शाळेवरून वळसा, आणि टेकडीवरची वस्ती सगळ्यात शेवटी. ती चुकली की तो डाव्या हातानं पत्रिका उचलून जागेवर ठेवी आणि वाकड्या ओठांनी हसे. कितीतरी महिन्यांनी तो हसलेला पाहून ती दोन-चारदा मुद्दाम चुकली होती.

गोम एवढीच होती की तो सायकलवरून जायचा आणि ही पायी. दवाखान्यामागच्या पायऱ्या चढलं की टेकडी हाकेच्या अंतरावर, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण पायऱ्यांवरून सायकल जात नाही, म्हणून नवऱ्याच्या वाटेत पायऱ्या नव्हत्या. ती रोज पत्रं त्याच्या क्रमानं लावी आणि सडकेनं लांबचा वळसा घेई. त्याची वाट मोडायची म्हणजे... यापुढचं ती मनातसुद्धा बोलत नसे.

आज पोस्टमास्तरांनी तिला थांबवून घेतलं होतं. माणूस सज्जन, त्यामुळे मुद्द्यावर यायला त्यांना फार वेळ लागला. टेकडीवरचं टपाल दिवस कलल्यावर पोचतं अशी तक्रार आली होती. असंच चाललं, तर तिला कायम करण्यासाठी त्यांना शब्द टाकता येणार नव्हता. घरी आल्यावर तिनं यातलं चकार अक्षर काढलं नाही.

खाटेवरून नवरा बादलीकडे बघत होता.

"टेकडीवर... कुठून जातेस?"

"तुम्ही सांगितलंत तशीच. सडकेनं."

मग त्यानं कोनाड्याकडे बोट केलं. तिनं ओल्या पायांनीच उठून पत्रिका आणून दिल्या. त्यानं त्या एकेक करून मांडल्या, नेहमीसारख्याच. मग शेवटची उचलली, आणि ती दवाखान्याच्या पत्रिकेशेजारी ठेवायला गेला तर कोपर लागून चार पत्रिका खाली पडल्या. ती वाकली. त्यानं मानेनंच नको म्हटलं. वाकून, धापा टाकत, त्यानं त्या स्वतः गोळा केल्या आणि पुन्हा लावल्या. बाजार, दवाखाना, टेकडी.

"पायऱ्या," तो म्हणाला.

सासूबाई दारातून बघत होत्या. "अरे, लागलेली घडी कशाला विस्कटतोस? तू कामावर जायला लागलास की पुन्हा सगळा गोंधळ व्हायचा."

सून बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिली. नवऱ्यानं डावा तळवा पत्रिकांवर ठेवला, कुणी त्या हलवू नयेत असा.

"ती सायकलची वाट होती, आई." एकेक शब्द तो ओढून काढत होता आणि दोघींपैकी कुणीही मदतीला धावलं नाही. "हिला हिच्या पायांनी जाऊ दे. मी आता... परत जायचा नाही."