अकरा ठिकाणचे आकडे

गाडीच्या रंगावर कोटिंग चढवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, हे माझ्याशी भांडून गेलेली गिऱ्हाइकंही कबूल करतात. माझा घात याच गुर्मीने केला.

कोटिंगआधी रंगाची जाडी अकरा ठिकाणी मीटर लावून मोजायची, आकडे कागदावर लिहायचे आणि खाली सही करायची, असा नियम आहे. पुढे रंगाला काही झालं तर कारखान्याची वॉरंटी याच कागदावर तरते नाहीतर बुडते. सही मी न चुकता करायचो. मोजायचं मात्र कधीच सोडून दिलं होतं. नव्या गाडीचा रंग शंभर-एकशेवीस मायक्रॉन असणार, त्यात काय मोजायचं? चहा पिता पिता आकडे लिहून मोकळा व्हायचो.

धाकट्या बहिणीची गाडीही मीच केली, शोरूममधून थेट माझ्याकडे आलेली. नवरा गेल्यावर पेशंटना दवाखान्यात नेण्या-आणण्याचं काम तिने धरलं होतं. त्यावरच तिचं घर चालत होतं.

कोटिंगनंतर सातव्या महिन्यात डाव्या दारावर हरभऱ्याएवढा फोड आला. ऊन लागलं असेल म्हणत मी ते हसण्यावारी नेलं. पंधरा दिवसांत तिथे नऊ फोड झाले. एकावर बोट दाबलं तर आत पोकळ लागलं. ती गेल्याशिवाय मी मीटर काढला नाही. तिने गाडी माझ्याकडे ठेवल्यावर तो दारावर टेकवला. दोनशे नव्वद. परत टेकवला, तरी दोनशे नव्वद.

म्हणजे दार कुठेतरी ठोकलं होतं आणि शोरूमवाल्यांनी विकण्याआधीच गुपचूप पुन्हा रंगवलं होतं. पहिल्या दिवशी मीटर लावला असता तर चोर जागच्या जागी सापडला असता. माझ्या कागदावर त्या दाराचा आकडा होता एकशेबारा. मी तिला काहीच सांगितलं नाही.

तिने वॉरंटी मागितली, आणि कंपनीचा साहेब माझ्याच गॅरेजात तपासायला आला. बहिणीने माझा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. त्याने दार मोजलं, कागद वाचला, पुन्हा मोजलं.

"ताई, रंग आपोआप जाड होत नाही. कागदानंतर गाडी ठोकली गेलीय आणि बाहेर रंगवलीय. वॉरंटी मिळणार नाही."

गाडीला साधा ओरखडाही लागला नाही, असं ती म्हणाली. तेव्हा त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही स्वतः मोजलं होतं?"

नाही म्हटलं असतं तर ती सुटली असती. पण माझ्या सहीचे असले सहाशे कागद लोकांकडे पडून होते.

"दादा खोटं बोलत नाही," ती त्याला म्हणाली.

"मोजलं होतं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. पण तिने विश्वास ठेवला. कागद पुन्हा पिशवीत घातला आणि दारावरच्या फोडांवरून हळूच हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यात काम सोडत असल्याचं कळवलं. मी का म्हणून विचारलं, तर खाली बघून बोलली.

"गाडी कुठे ठोकली, कधी रंगवली, मला काहीच आठवत नाही रे दादा. अशा बाईने आजारी माणसं कशी बसवायची?"

मी मीटर खणात ठेवला आणि खण लावून घेतला.