पायरीलगतचा कोपरा

कुणाचं लक्ष नाही असं पाहून नॉर्मन हॉगबेनने कोपऱ्यातली खुंटी उपटली, दोन हात अलीकडे रोवली आणि बुटाच्या टाचेने आत दाबली. दोरी सैल पडली. ती ताणून बांधायला तो वाकला, तेवढ्यात टॅम्सिन टेप घेऊन परत आली.

“ही कुणी हलवली?”

“पाय लागला असेल कुणाचा तरी,” नॉर्मन म्हणाला.

टॅम्सिनने पुन्हा माप घेतलं आणि खुंटी उपटून पहिल्या जागी ठोकली. तिशीही न गाठलेली ही मुलगी खोदकामाची प्रमुख होती. आवाज कधी चढवत नसे, त्यामुळे तिच्याशी वाद घालणं अवघड जाई. दोरी आता बुरुजाच्या जिन्याच्या खालच्या पायरीला खेटून गेली होती.

“हा कोपरा मला दे,” नॉर्मन म्हणाला.

“तिथे दिवसभर सावली असते. गारठाल तुम्ही.”

“चालेल.”

त्या पायरीलगत सहा वर्षांपूर्वी त्याने आपल्या बायकोची, बेरिलची राख पुरली होती.

मार्लहर्स्टच्या राजवाड्याचं म्हणून जे उरलं होतं ते इतकंच: विटांचा एक बुरूज, अर्धी देवडी आणि दोन्हींच्या मधलं गवताळ मैदान. पाचशे वर्षांपूर्वीच्या ट्यूडर राजांपैकी कुणी एक इथे तीनदा मुक्कामाला आला आणि तिन्ही वेळा दमट हवेला वैतागून निघून गेला, असं गावात सांगत. पुढे लोकांनी विटा काढून नेल्या. निम्म्या गावाची धुराडी त्याच विटांची होती. बेरिलला ती पायरी आवडायची. संध्याकाळी थर्मासमध्ये चहा घेऊन ती तिथे बसायची आणि टपाल वाटून परतणारा नॉर्मन सायकल देवडीला टेकवून तिच्या शेजारी टेकायचा. फारसं कुणी काही बोलायचं नाही.

ती गेली तेव्हा गावाने विचारलं, चर्चमध्ये प्रार्थना कधी? नॉर्मनने सगळ्यांना एकच उत्तर दिलं, “तिला असलं काही नको होतं.” लोक मान हलवून गेले. नंतर एके दिवशी, भर पावसात, तिच्या कांद्याच्या लोणच्याच्या बरणीत राख भरून तो इथे आला होता. फावडं खालच्या विटांवर खणखणेपर्यंत त्याने खड्डा खणला, बरणी ठेवली, गवताची ढेप पुन्हा वर बसवली. परवानगी कुणाची घेतली नव्हती, घ्यावी असं सुचलंही नव्हतं. तेव्हापासून तो रोज तिथे जाऊन बसे. गावातल्या प्रत्येक दारातली पत्रं टाकायची फट त्याला ठाऊक होती, पण त्यांतल्या एकाही दाराच्या आत तो गेलेला नव्हता, आणि आता जावं असंही वाटत नव्हतं.

मग बुरुजाच्या डागडुजीसाठी पैसे मंजूर झाले. मैदानाला कुंपण पडलं, फाटकाला कुलूप लागलं, बुरुजाभोवती परांची चढली आणि तीवरून गवंडी सांध्यांत चुना भरू लागले. ‘आपला राजवाडा, आपलं खोदकाम’ अशी पाटी लागली. गावकऱ्यांनीच खणायचं होतं. कुठे खणायचं ते ठरवायला सभा झाली, तेव्हा खाटकाची विधवा मोरीन टॅप्सेल उभी राहून तावातावाने बोलली होती. बुरुजापाशी काही नाही, देवडीपाशी खणा, माझ्या वडिलांना तिथेच फरश्या सापडल्या होत्या. लोक हसले. मोरीन प्रत्येक सभेत कशावरून तरी भांडायचीच. मतं पडली ती बुरुजाच्या बाजूने.

आणि आता तीच मोरीन नॉर्मनच्या शेजारच्या चौकोनात गुडघ्याखाली उशी घेऊन बसली होती आणि बोलत होती. पाद्र्याच्या नव्या दातांबद्दल, पबवाल्याच्या घटस्फोटाबद्दल, कुणाच्या कुत्र्याने कुणाचं काय खाल्लं त्याबद्दल. नॉर्मन हूं हूं करत खोदकामाच्या छोट्या करणीने माती खरवडत होता. इतकी हळू, की खरवडतो आहे की गोंजारतो आहे ते कळू नये.

“नॉर्मन, या वेगाने तुम्ही खाली पोचेपर्यंत राजा पुन्हा जन्माला येईल,” टॅम्सिन जाता जाता म्हणाली.

दोन दिवस गेले. बाकीच्यांच्या चौकोनांत विटांची जमीन उघडी पडली. नॉर्मनचा कोपरा मात्र गवताच्या मुळांच्या थोडा खाली जाऊन थांबला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी टॅम्सिन त्याच्याजवळ उकिडवी बसली.

“दुपारी कॉलेजची दोन मुलं देते तुमच्या मदतीला. वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडे दिवस थोडे आहेत.”

“मला मदत नको.”

“मला हवी आहे,” ती शांतपणे म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीआधी पलीकडच्या टोकाला कुणीतरी ओरडलं. हिरव्या झिलईची अख्खी फरशी निघाली होती. गवंडीसुद्धा परांचीवरून उतरले. सगळे तिकडे धावले. नॉर्मन एकटाच उरला, तसा त्याने करणी टाकून फावडं उचललं.

पायरीपासून वीतभर सोडून त्याने फावडं घातलं. माती निघाली. पुन्हा घातलं. विटा लागल्या. बरणी नव्हती. तो गुडघ्यांवर बसला, हातांनी उकरू लागला. नखांत खडे घुसले. इथेच तर होती. की इथे नव्हती? रोज येऊन बसत होतो ते कशाजवळ बसत होतो? तो दोन्ही मुठींत माती घेऊन तसाच थिजला.

“डावीकडे बघ,” मागून आवाज आला. “पायरीच्या जवळ. अगदी खेटून.”

मोरीन उभी होती. आपला रुंद कोट तिने दोन्ही बाजूंनी पसरून धरला होता, आणि पलीकडच्या टोकाकडे तिची पाठ होती. तिथून कुणाला कोपरा दिसला नसता.

नॉर्मनने डावीकडे हात घातला. माती भुसभुशीत होती. बोटांना बरणीचा गार, गुळगुळीत गळा लागला.

त्याने विचारलं, “तुला कसं कळलं?”

“माझ्या स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते, विसरलास? धो धो पाऊस, आणि तू बोडक्या डोक्याने खणतोयस. मला वाटलं, डोकं फिरलं की काय याचं. मग बरणी ओळखली. मीच दिली होती तिला, लग्नात.”

“कुणाला सांगितलंस?”

“मी?” मोरीन हसली, पण ते हसू पुरतं आलं नाही. “बाबा रे, या गावात कुणाला न सांगितलेलं माझ्याकडे एवढं एकच आहे.”

नॉर्मनला सभा आठवली. तिचा लाल झालेला चेहरा आठवला, आणि लोकांबरोबर आपणही हसलो होतो तेही.

“वडिलांच्या फरश्या...”

“कसल्या फरश्या! माझ्या बापाला स्वतःचे बूट सापडायचे नाहीत.” ती थांबली. कोट अजून पसरलेलाच होता. “एक विचारू? तिनेच सांगितलं होतं का, कुणाला बोलावू नकोस म्हणून? शेवटी शेवटी मी तिला दुखावलं असेन, असं मला वाटत आलं आहे. आठवून आठवून थकले, काय बोलले असेन.”

नॉर्मनने बरणीवरची माती अंगठ्याने पुसली. पुसून झाली तरी पुसत राहिला.

“तिने काहीच सांगितलं नव्हतं,” तो म्हणाला. “मलाच कुणी नको होतं.”

मोरीनने मान हलवली. मग तिने खांद्यावरची पिशवी उतरवली आणि तिचं तोंड उघडून धरलं. आत तिची अंडी-सँडविचं होती, ती तिने एका बाजूला सारली.

“आण. घरी पोचवते तुझ्या. मी बाहेर पडले तर कुणी विचारणार नाही. माझी बडबड नको म्हणून आधीच रस्ता सोडतात.”

नॉर्मनने बरणी पिशवीत ठेवली. पिशवीचे बंद तिच्या हातात होते, त्यांच्यावर त्याने क्षणभर आपला हात ठेवला.

“माझ्या घरी नको,” तो म्हणाला. “तुझ्याकडे ने.”

“माझ्याकडे? आणि मग?”

“राहू दे काही दिवस.”

मोरीनने सँडविचं बरणीवर सारून ती झाकली. मग पिशवी उचलून ती निघाली.

लोक परतायला लागले होते. टॅम्सिनच्या गालाला माती लागली होती आणि ती फार खुश होती. नॉर्मनच्या कोपऱ्यापाशी येऊन ती थबकली. खाली विटांपर्यंत गेलेला ताजा खड्डा तिने पाहिला, पायरीलगतचा गोल, रिकामा खळगा पाहिला.

“हे काय?”

“ससे,” नॉर्मन म्हणाला.

टॅम्सिनने खळग्याकडे पाहिलं, मग त्याच्या मातीने भरलेल्या नखांकडे.

“मार्लहर्स्टचे ससे नीटनेटके दिसतात,” ती म्हणाली आणि करणी उचलून त्याच्या हातात दिली. “चला, उरलेलं काढून टाकू. मुलांना मी दुसरीकडे लावते.”

नॉर्मन खणू लागला. आता हात भरभर चालत होता, धरून ठेवायचं काहीच नव्हतं. मध्येच पाठ सरळ करायला तो उठला तेव्हा मोरीन मैदानाच्या पार टोकाला, तिच्या घराकडे जाणाऱ्या पायवाटेवर दिसली. एरवी तरातरा चालणारी बाई सावकाश चालली होती. पिशवी तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, मान तिच्यावर झुकवली होती, आणि तोंड अखंड चालू होतं. मध्येच ती थांबली, एक हात सोडवून गावाकडे कुठेतरी बोट दाखवलं, स्वतःशीच हसली आणि बोलत बोलत पुढे निघाली.