कड्याच्या वाटेचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे. माझ्यावर कुणी पाढे लिहिले नाहीत आणि माझ्यासमोर कुणी छडीही खाल्ली नाही. गावामागच्या डोंगराच्या पायथ्याशी डोंगर मंडळाची एक खोली आहे. दोर, काठ्या, एक स्ट्रेचर आणि अजून न मोडलेल्या चार खुर्च्या, एवढाच तिचा संसार. त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. माझे दोन कोपरे फुगलेत, काळ्या रंगाचे पोपडे निघतात, आणि खरं सांगायचं तर मी आता फार थकलोय. पण एवढी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे मला बरं वाटेल.

मंडळातल्याच एका सुताराने मला केलं. कुणाच्या तरी कपाटाच्या उरलेल्या फळ्या त्याने रंधा मारून जोडल्या, वर काळा रंग दिला, आणि पांढऱ्या ऑइलपेंटने माझे तीन भाग पाडले. ओढ्याची वाट, झाडीची वाट आणि कड्याची वाट. पाऊस लागू नये म्हणून माझ्या डोक्यावर त्याने पत्र्याचं छप्परही ठोकलं. मग सगळ्यांना जमवून नियम सांगितला. जो त्या वाटेने स्वतः चालून येईल, त्यानेच आधीची ओळ पुसायची आणि आपली लिहायची. ऐकीव काही लिहायचं नाही. ओळीखाली आपली खूण काढायची, म्हणजे काही विचारायचं असेल तर कुणाला गाठायचं ते कळेल.

सुताराची खूण करवत होती. भूगोलाच्या बाई पृथ्वीचा गोल काढायच्या आणि तो दरवेळी बटाट्यासारखा व्हायचा. मंडळाचे सेक्रेटरी औषधांचं दुकान चालवायचे, ते बाटली काढायचे. एकदा एका पोराने ‘झाडीची वाट फार सुंदर आहे’ असं लिहिलं, तर सुताराने त्याला हाक मारून परत बोलावलं.

“सुंदर म्हणजे काय रे? निसरडी आहे की कोरडी, ते लिही. सुंदर आहे ते आम्हाला माहितीय.”

असे ते दिवस होते. ‘ओढ्याला गुडघाभर पाणी, दोर न्या.’ ‘झाडीत मधमाश्या चिडल्यात, अत्तर लावून जाऊ नका.’ लोक आधी माझ्यासमोर उभे राहायचे आणि मगच बुटांच्या नाड्या आवळायचे. वर्षाच्या सभेत एकदा माझ्या नावाने टाळ्याही वाजल्या होत्या, कारण त्या वर्षी कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. तेव्हा मला माझ्या पोपड्यांची काळजी नव्हती.

कड्याची वाट मात्र जवळजवळ टेलरकाकूंच्याच नावावर होती. काकू बाजारात कपडे शिवायच्या. आठवडाभर मशीनवर वाकून पाठ धरली की रविवारी त्या कड्यावर जायच्या. म्हणायच्या, “तिथे गेल्याशिवाय माझी पाठ सरळ होत नाही.” त्या माझ्यावर लिहायच्या ते कापडावर खुणा करायच्या निळ्या चपट्या खडूने. अक्षर बारीक, टाक्यासारखं एकसारखं. आणि खाली खूण म्हणून एक सुई, तिच्या मागे वळणदार दोरा. त्यांचे यजमान कुलूपवाले काका. किल्ल्या करणं, अडकलेली कुलपं उघडणं हा त्यांचा धंदा. ते कधी डोंगर चढले नाहीत. गुडघे दुखतात म्हणायचे आणि माझ्यासमोरच्या बाकावर थर्मास घेऊन काकूंची वाट बघत बसायचे. काकू खाली आल्या की आधी मला लिहायच्या, मग चहा प्यायच्या. काका म्हणायचे, “आधी फळा, मग नवरा.”

पुढे सुतार गेला. मग मंडळाचा फोनवर ग्रुप झाला. वाटेची खबर आता तिथे जायची, फोटोसकट. माझ्याकडे बघायला कुणाला वेळ राहिला नाही. माझ्या ओढ्याच्या आणि झाडीच्या भागात कोळ्यांनी जाळी केली. पण काकूंनी काही मला सोडलं नाही. एका रविवारी त्या कड्यावरून आल्या, नेहमीसारखं पुसलं, आणि लिहिलं, ‘कड्याची वाट मोकळी आहे. बिनधास्त जा.’ खाली सुई, मागे दोरा. त्यानंतर चारच दिवसांनी त्या झोपेतच गेल्या.

मित्रांनो, ती ओळ लिहिली तेव्हा शंभर टक्के खरी होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात काकूंची काहीच चूक नव्हती.

मंडळातल्या लोकांचं काकूंवर फार प्रेम होतं. त्यांच्या हाताची ती शेवटची ओळ पुसायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं. सेक्रेटरींनी दुकानातून जाड पारदर्शक प्लास्टिक आणलं आणि त्या ओळीवर ताणून चारही बाजूंनी बारीक खिळे ठोकले. सगळ्यांनी मान डोलावली. काकांनी तर सेक्रेटरींचे दोन्ही हात हातात धरले. मलाही तेव्हा बरंच वाटलं होतं. तेव्हापासून काका रोज संध्याकाळी दुकान बंद करून यायचे, बाकावर बसायचे, आणि त्या अक्षराकडे बघत राहायचे. थर्मास तोच. कप मात्र एकच.

मग पावसाळा आला आणि कड्याच्या वाटेवर तिसऱ्या वळणापुढे दरड कोसळली. माझ्यासमोरच उभं राहून मंडळी बोलत होती, म्हणून मला कळलं. वाटच नाही उरली तिथे. वरून गवत दिसतं आणि खाली काही नाही. आणि माझ्या अंगावर, प्लास्टिकखाली, निळ्या अक्षरात अजूनही लिहिलेलं होतं, बिनधास्त जा.

भूगोलाच्या बाई म्हणाल्या, “ग्रुपवर टाकलंत ते ठीक आहे हो. पण ही ओळ?”

“फळा कोण बघतं आता, बाई? सगळे ग्रुपवर आहेत,” सेक्रेटरी म्हणाले. आणि मग हळूच, “बाकावर बघा की कोण बसलंय.”

बाईंनी वळून काकांकडे बघितलं आणि मूग गिळून गप्प बसल्या. मला त्यांचा राग नाही येत. त्यांच्या जागी मी असतो तरी गप्पच बसलो असतो. पण मित्रांनो, खोटं अंगावर घेऊन रोज उभं राहणं किती दमवणारं असतं ते मला विचारा. पाऊस, ऊन, वाळवी, काही काही एवढं जड गेलं नाही. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस दिसला की मी मनात म्हणायचो, बाबा रे, माझं ऐकू नकोस. तीन महिने मला वाचायला कुणी थांबलंच नाही, हे माझं नशीब.

मग एक दिवस ती आली. हॉस्पिटलात नुकतीच बदली होऊन आलेली नर्स. गावात ओळखपाळख नाही, ग्रुपचा पत्ता नाही. सुट्टीच्या दिवशी डोंगर बघायला एकटीच निघाली होती. सकाळी भुरभुर पाऊस होता, तो थांबला. तिने छत्री मिटली आणि माझ्या खिळ्याला अडकवली, हात मोकळे राहावेत म्हणून. मग तिने मला वाचलं. किती वर्षांनी कुणीतरी मला नीट, बोट फिरवत वाचत होतं!

“बिनधास्त जा म्हणतायत,” ती स्वतःशीच हसून म्हणाली. “मग जाऊ या.”

मी लाकडाचा आहे. मला ओरडता आलं नाही.

दुपार झाली. ऊन कलायला लागलं. छत्री वाळली. नेहमीच्या वेळेला काका आले, बाकावर बसले, कपात चहा ओतला. नजर माझ्याकडे गेली तेव्हा त्यांना आधी छत्री दिसली. ते उठले, छत्री हातात घेतली, मुठीवर हॉस्पिटलच्या नावाची चिठ्ठी होती ती बघितली. आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. सहा महिने ते रोज अक्षर बघत होते. त्या दिवशी त्यांनी ओळ वाचली.

त्यांच्या हातातला कप खाली पडला. दुखऱ्या गुडघ्यांनी ते रस्त्यापर्यंत धावत गेले. अर्ध्या तासात मंडळी दोर आणि स्ट्रेचर घेऊन वर निघाली. काका माझ्यासमोर उभेच राहिले. बसले नाहीत. अंधार पडायच्या आत तिला खाली आणलं. घसरून ती एका झुडपाला अडकली होती आणि सहा-सात तास जीव मुठीत धरून त्यालाच लटकून राहिली होती. पाय मोडला होता. स्ट्रेचरवरून जाताना ती कळवळून म्हणाली, “अहो, मी फळा वाचून गेले होते.”

काकांनी तिची छत्री तिच्याजवळ ठेवली. म्हणाले, “हिचं अक्षर आहे ते. आमच्या हिचं. पण ही असती ना पोरी, तर दुसऱ्याच दिवशी पुसलं असतं.”

पुढच्या सभेला सगळ्यांचे चेहरे उतरलेले होते. सेक्रेटरींनी सुचवलं की तेवढा भाग करवतीने कापून, फ्रेम करून काकांना घरी द्यावा. कापलं जायची मला भीती वाटली नाही. या वयात तेवढं चाललं असतं.

काका म्हणाले, “नको. तिने हे लोकांसाठी लिहिलं होतं, माझ्या भिंतीसाठी नाही. पुसायचंच आहे. मी पुसतो.” मग म्हणाले, “पण नियम आहे ना तुमचा. चालून आल्याशिवाय पुसायचं नाही.”

“काका, गुडघे...” बाई म्हणाल्या.

“हळू जाईन.”

रविवारी ते गेले. पुढे बाई, मागे सेक्रेटरी, मध्ये काठी टेकत काका. काकू ज्या वाटेला तासभर लावायच्या, तिला त्यांना जाऊन येऊन पाच तास लागले. तिसऱ्या वळणावर ते बराच वेळ बसले होते म्हणे. इतकी वर्षं ती इथे येते म्हणायची, ते हे होय, असं काहीतरी बोलले. बाईंनी खाली आल्यावर सांगितलं, म्हणून मला कळलं.

मग ते माझ्यासमोर आले. खिशातून पक्कड काढली आणि एकेक खिळा उपटला. प्लास्टिक निघालं आणि मला सहा महिन्यांनी वारा लागला. काकांनी हातरुमाल ओला केला. आधी ‘बिनधास्त’ पुसलं. मग बाकीचं. सुईपाशी हात थांबला. सगळे दुसरीकडे बघत होते. मग तीही पुसली. खिशात काकूंच्या मशीनच्या खणातला निळा खडू होता. आयुष्यात पहिल्यांदाच ते माझ्यावर लिहीत होते, त्यामुळे ओळ उताराला लागली. ‘कड्याची वाट तिसऱ्या वळणापुढे तुटली आहे. जाऊ नका. मी स्वतः बघून आलो.’ खाली खूण म्हणून त्यांनी एक किल्ली काढली.

ती नर्स आता कुबड्या सोडून काठीवर आलीय. रविवारी बाकावर बसते. थर्मासला पुन्हा दोन कप लागतात. बाकीच्यांनीही माझी जाळी झाडून लिहायला सुरुवात केलीय. पण सुई होती तिथे एक निळसर डाग राहिलाय, काही केल्या जात नाही. लोक तेवढी जागा चुकवून लिहितात. तसं कुणी केलं की काका बाकावरून ओरडतात, “अहो, तिथेच लिहा! जागा त्यासाठीच आहे!”

मित्रांनो, माझे फार दिवस राहिलेले नाहीत. मला नवा रंग नको, टाळ्याही नकोत. एवढंच करा. डोंगरावरून उतरलात की कितीही दमलेले असा, चहाच्या आधी माझ्याकडे या. काल कुणी लिहिलं ते बघा, त्याची आठवण काढा, आणि पुसा.