‘गच्चीवरच्या दोघी’ बंद पडली तेव्हा

‘गच्चीवरच्या दोघी’ ही विनोदी मालिका दोन महिन्यांच्या आतच बंद पडली. सोलमध्ये गच्चीवरची खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या, एकमेकींशी जराही न पटणाऱ्या दोन मुलींची ती गोष्ट. दिग्दर्शक नामगुंग यांनी बातमी सांगितली तेव्हा दोन्ही नट्या रडल्या, कॅमेरावाल्याने टोपी आपटली. लेखिका बांग सू-र्योन मात्र बाहेर नळापाशी गेली, तिने तोंडावर पाणी मारलं आणि बऱ्याच दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

कारण मालिकेतली बोक-सिल तिने हवेतून आणली नव्हती. बोक-सिल घोरायची, दुसरीचं जेवण ‘नुसती चव बघते’ म्हणत संपवायची आणि ‘मी कुठे चिडलेय?’ म्हणत भांडी आदळायची. ही हुबेहूब प्यो म्योंग-ही होती. कॉलेज संपल्यावर सू-र्योन तिच्याबरोबर अशाच एका खोलीत राहिली होती. म्योंग-ही वयाने मोठी, आता लग्न होऊन इंचॉनला गेलेली. मालिकेतली दुसरी, शहाणी आणि सोशिक मुलगी सू-र्योनने अर्थातच स्वतःवर बेतली होती. लिहिताना मजा आली, पण पहिला भाग लागला त्या संध्याकाळपासून फोन वाजला की तो म्योंग-हीचा तर नाही ना, हे ती आधी बघायची.

आता सुटले, असं तिला वाटलं. आणि शेवटचा भाग लागून गेल्यावर फोन आलाच.

“सू-र्योन, मी म्योंग-ही. रोज बघत होते हं तुझी मालिका. बोलायचंय तुझ्याशी. उद्या जेवायला भेट.”

माफी कशी मागायची हे मनात घोकतच सू-र्योन ठरलेल्या नूडल्सच्या दुकानात शिरली. म्योंग-हीने आधीच दोन वाडगे मागवले होते आणि ती कात्रीने किमचीची आंबवलेली कोबी कापत बसली होती.

“किती वाळलीस गं! बस.”

“ताई, ती बोक-सिल आहे ना...”

“तेच तर बोलायचंय. स्वतःची एवढी चेष्टा करतं का कुणी?”

“स्वतःची?”

“मग कुणाची? मी पहिल्याच भागात ओळखलं, ही तर आमची सू-र्योन! काय घोरायचीस गं, भिंत हलायची. वर माझा डबा संपवून म्हणायचीस, चव बघत होते. मी नवऱ्याला म्हटलं, पोरगी धाडसाची. सगळ्या देशासमोर स्वतःचं हसं करून घेतलं.”

“ते काय म्हणाले?”

“काही नाही. हसत सुटला. थांबेचना.”

सांगून टाकावं, असं सू-र्योनच्या अगदी ओठांवर आलं. मग मनात आलं, आपण खरंच घोरत होतो की काय? विचारायला त्या खोलीत तिसरं कुणी नव्हतंच.

“माझं जरा अतीच होतं, ताई,” ती म्हणाली.

“जरा? पण दुसरी मुलगी काय गोड दाखवलीस! अगदी मी. खरं तर आभार मानायलाच आले.” म्योंग-ही पुढे वाकली. “आणि खरं सांगू? मी रोज जीव मुठीत धरून बघायचे. वाटायचं, आज त्या पर्सिमनच्या फळांचा विषय निघणार.”

“कुठली फळं?”

“तुझ्या आईने सांगजूहून पाठवलेली. गच्चीवर वाळत टांगली होतीस ती.”

“ती पक्ष्यांनी नेली ना?”

“कसले पक्षी! मी खाल्ली. एक एक करत अख्खी माळ.”

सू-र्योनने चमचा खाली ठेवला. “मी झाडू घेऊन पक्ष्यांना शिव्या घालत होते, तेव्हा तू माझ्या शेजारी उभी होतीस!”

“मग मीही घातल्या की,” म्योंग-ही म्हणाली. “तुला एकटीला कशी ओरडू देणार?”

सू-र्योनला आधी ठसका लागला, मग हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. मालकीणबाई आतून डोकावून गेल्या. मालिकेचा पहिला भाग लागल्यापासून ती हसलीच नव्हती, तिच्या स्वतःच्या विनोदांनाही नाही.

“पुरे आता, सगळं गार होतंय,” म्योंग-ही म्हणाली आणि तिने आपल्या वाडग्यातल्या शिंपल्यांतलं मांस वेचून तिच्या वाडग्यात टाकलं. सू-र्योनला एकदम सपाटून भूक लागली. तिने वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि रस्सा शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला.