किटलीचा पोचा

मी एक जुनी पितळी किटली आहे, मित्रांनो. मूळची चहाची. पण माझ्या बुडापाशी हा भलामोठा पोचा पडला आणि माझी रवानगी थेट बैठकीतल्या काचेच्या कपाटात झाली. आजोबा आल्यागेल्याला सांगत, "या किटलीने मी चोराचं टाळकं फोडलं!" सुरुवातीला चोर एकच होता. पुढे दोन झाले, मग तीन, त्यातला एक पैलवान. रोज मला लख्ख पुसलं जाई. मान मिळत होता, पण खोटं कशाला बोलू, चहाच्या वाफेची फार आठवण यायची.

आजोबांची नात शाळेत इतिहास शिकवते. एकदा तिने मला वर्गात नेलं, चोराची गोष्ट सांगितली आणि म्हणाली, "आता वस्तू काय सांगते, ते बघा."

मुलं तुटून पडली. एकाने तर माझ्यात नाकच घातलं. चष्मेवाल्या मुलीने मूठ धरून मला हवेत फिरवलं.

"बाई, असं मारलं तर आधी तोटी वाकेल. ती तर सरळ आहे. पोचा मागे, मुठीखाली कसा?"

तिने मला टेबलावर ठेवलं.

"चोर आला तेव्हा तिथे आणखी कोण होतं?"

"आजी."

"मग आजींना विचारलंत?"

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

संध्याकाळी घरी बाईंनी विचारल्यावर आजी हसत सुटली. "कसला चोर गं! खिडकीत मांजर आलं. यांनी गरम चहाची किटली टाकली आणि टेबलावर चढले!"

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारलंच नाही."

आजोबा लालबुंद झाले. "उद्याच हा पोचा ठोकून काढतो!" मला धडकी भरली. पोचा गेला, तर माझं उरणार काय?

"खुशाल काढा," आजी म्हणाली. "पण लगेच खाली उडी मारून तुम्ही माझे पाय बघितलेत, भाजले की काय म्हणून. ते नाही सांगत कधी कोणाला!"

आजोबांनी मला उचललं आणि हळूच शेगडीवर ठेवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर घासा, पुसा, पण त्यांचे पोचे बुजवू नका. आणि गोष्ट एकाच्याच तोंडून ऐकू नका.

हल्ली मी पाहुण्यांना चहा देते. आजोबा सांगतात, "चोर नव्हता, मांजर होतं. पण काय मांजर! वाघाएवढं!"

आतून आजी खाकरते. मांजर लगेच लहान होतं.