मुसकं

घंटेत कोंबलेलं फडकं त्याने खिळ्याच्या टोकाने उकरून बाहेर काढलं आणि घंटा बापाच्या कानाजवळ हलवली. म्हातारा हसला. आवाज ओळखीचा वाटला म्हणून हसला की काम साधल्याच्या आनंदात, ते कळायला मार्ग नव्हता.

"बाबा, ही तुमच्या उशीखाली सापडली. गाय कुठे आहे?"

म्हाताऱ्याने घंटेकडे पाहिलं, मग दाराकडे.

"कुठली गाय?"

गाय जाऊन आज तिसरा दिवस. भर दुपारी नवरा-बायकोचा जरा डोळा लागला होता, तेवढ्यात ज्या माणसाला संडासापर्यंत हाताला धरून न्यावं लागायचं, त्याने खुंट्याचं दावं सोडलं होतं. चारच्या सुमारास तो गुडघ्यापर्यंत ओल्या पायांनी परत आला आणि कामावरून आल्यासारखा ऐटीत चहा मागून बसला. सुनेने चहा दिलासुद्धा. गोठा रिकामा आहे, हे तिला दूध काढायला गेल्यावर कळलं. गोठ्यातली दोन पोती गायब होती आणि भिंतीवरचं मुसकंही. पोती खुरांना बांधायची, म्हणजे माग उमटत नाही. मुसकं तोंडाला. आवळून बांधलेलं मुसकं असलं की जनावर हंबरत नाही, चरत नाही, आणि समोर पाणी असलं तरी पिऊ शकत नाही.

म्हातारा उमेदीच्या काळात जनावरं चोरायचा, आणि चांगली चोरायचा. कुठल्याही कामात वाकबगार माणसं असतात, तसा तो या कामात होता. रात्री सगळेच राखण करतात, दुपारी कोणी करत नाही, हे त्याचं साधं गणित. जनावर पाण्यातून चालवत न्यायचं आणि ठरलेल्या जागी तीन दिवस दडवून ठेवायचं. तोवर मालकाची शोधाशोध थंडावते. पोलिसांनी त्याला दोनदा धरलं होतं. डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकडीच राहिली, पण त्याने जागाही सांगितली नाही आणि जोडीदाराचं नावही.

मुलाने या सगळ्याला लहानपणीच हात जोडले होते. तो गवंडी झाला. उभी केलेली भिंत चारचौघांसमोर उभी राहते, कुठे दडवावी लागत नाही, असं तो बायकोला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात म्हणाला होता. म्हातारपणी बापाची जीभ सैल झाली. जेवता जेवता तो सुरू करायचा, "एकदा आम्ही अकरा म्हशी नेल्या, एक कुत्रं भुंकलं नाही." मुलगा ताट सरकवून म्हणायचा, "बाबा, पुरे." सून मात्र भाकरी भाजता भाजता कान देऊन ऐकायची. पोती, मुसकं, घंटेतलं फडकं, एवढं जे आज ठाऊक होतं ते तिच्यामुळेच. त्यापुढचं ऐकायची वेळ नवऱ्याने येऊ दिली नव्हती. आता त्याला त्या प्रत्येक "पुरे"चा मनापासून पश्चात्ताप होत होता.

तीन दिवस दोघांनी जंग जंग पछाडलं होतं. कालव्याचे दोन्ही काठ, पडक्या वीटभट्ट्या, दगडखाणी, त्यामागची डोक्याएवढी झुडपं, सगळं पालथं घातलं. वासरू सोडून पाहिलं, तर ते गोठ्याभोवती फिरून आपल्याच खुंट्यापाशी येऊन उभं राहिलं. पहिल्या संध्याकाळी म्हाताऱ्याचा हात धरून, "चला, दाखवा," म्हणत बाहेर काढलं. तो उत्साहाने चालला. दोन तास त्यांना वळशावळशांनी फिरवून त्याने पुन्हा घराच्या दाराशी आणलं आणि म्हणाला, "झाली ना खात्री, साहेब?"

सकाळी वासराला बघायला जनावरांचा डॉक्टर येऊन गेला होता. असं ऊन, त्यात दुभतं जनावर, पोटात पाण्याचा थेंब नाही. उद्यापर्यंत तगेल असं धरून चालू नका, असं तो चपला घालता घालता म्हणाला.

"बाबा, ती मरेल हो." मुलगा खाटेपाशी उकिडवा बसला. "तुमच्या सुनेने बाटलीने दूध पाजून वाढवलीय तिला. तुम्हीच तर तिची शिंगं चोळत बसायचा."

"साहेब, मी गरीब माणूस आहे."

मुलाचा हात उठला. कसा उठला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. म्हाताऱ्याने क्षणात गुडघे पोटाशी घेतले, दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले, कोपरं चेहऱ्यापुढे जुळवली. कालच मार खाल्ल्यासारखं सगळं त्याच्या अंगात होतं. मुलाने हात खाली घेतला आणि तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

हाका मारून मारून बायकोचा आवाज बसला होता. ती त्याच्याशेजारी येऊन बसली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"पोलिसाला ते नाहीच सांगायचे. जोडीदाराला सांगतील."

"तिरळा मेला त्याला वीस वर्षं झाली."

"त्यांच्यासाठी मेलाय का?"

तिरळ्याबद्दल त्याला एकच गोष्ट माहीत होती. लहान असताना खिडकीखाली शीळ वाजायची, दोन आखूड, एक लांब. बाप हातातलं काम टाकून उठायचा आणि तीन दिवस घरी यायचा नाही. त्या शिळेचा त्याला इतका राग होता की स्वतः शीळ वाजवायला तो कधी शिकलाच नाही.

त्याने ओठ ओले केले. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा आली ती शीळ, दोन आखूड, एक लांब.

आत खाट करकरली.

तो पाठीमागून उजेड येईल असा दारात उभा राहिला. म्हातारा ताठ बसला होता. तोंड उजळलं होतं, डोळे लकाकत होते. इतका आनंद मुलाने बापाच्या चेहऱ्यावर स्वतःसाठी कधी पाहिला नव्हता.

"किती उशीर रे! कोणी पाहिलं नाही ना?"

"नाही."

"बस. गाय काय गरीब आहे म्हणून सांगू! कुठेही ने, मुकाट येते. कोणीतरी फार जीव लावलाय तिला."

मुलाला हुंदका आवरेना. तो खोकला.

"पाणी पाजलंस ना?" म्हाताऱ्याने विचारलं. "तिसरा दिवस आहे."

"तेच करायला निघालोय." उभ्या जन्मात बापाला त्याने कधी 'तू' म्हटलं नव्हतं. "तू... तू कुठे बांधलीस तिला?"

म्हातारा हसला. मग हसता हसता थांबला. मान किंचित कलती करून तो दारातल्या माणसाकडे बघत राहिला.

"जागा तर तूच शोधलीस," तो म्हणाला.

"हो, पण मला आता आठवत नाही."

"पहिल्यापासून तीच तर जागा आहे आपली."

"सांग ना. एकदा सांग फक्त."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला. आता त्याच्या नजरेत ओळखही नव्हती आणि रागही नव्हता. त्याने पाय खाटेवर ओढून घेतले आणि हात पुन्हा डोक्याशी नेले.

"मला काही माहीत नाही, साहेब."

सून दाराबाहेर पाण्याची बादली आणि विळा घेऊन तयार उभी होती. तिने बादली खाली ठेवली. मुलगा आत गेला आणि बापाच्या पायाशी जमिनीवर बसला. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याने एक हात खाली घेतला, वाकून त्याच्या खांद्याला हळूच शिवला आणि गयावया केल्यासारखा म्हणाला,

"साहेब, घरी माझा एक मुलगा आहे. त्याला विचारायला जाऊ नका. त्याला यातलं काही माहीत नाही."

"नाही," मुलगा म्हणाला. "त्याला काहीच माहीत नाही."